इंग्रजीतील नामवाक्य : एक संज्ञा, दोन रचना

गौणवाक्यांचे नामवाक्य, विशेषणवाक्य व क्रियाविशेषणवाक्य असे त्रिविध वर्गीकरण आपल्याकडील शाळांत रुजले, ते मुख्यतः नेसफील्ड यांच्या व्याकरणांमुळे. गौणवाक्य कोणत्या शब्दजातीचे कार्य करते, एवढेच त्यात पाहिले जाते. वाक्यपृथक्करणास ही रीत सोयीची खरी. परंतु कार्याला नाव दिले की रचनेचाही उलगडा झाला, हा तिच्यामुळे दृढ झालेला समज टिकण्यासारखा नाही.

‘आय नो व्हॉट ही बॉट’ आणि ‘आय एट व्हॉट ही बॉट’ ही वाक्ये घ्यावीत. दोहोंतील गौणवाक्य शब्दशः एकच, दोन्ही ठिकाणी ते कर्म. म्हणून दोन्ही नामवाक्ये. मराठीत मात्र पहिल्याचे ‘त्याने काय विकत घेतले हे मला ठाऊक आहे’ असे होते, तर दुसऱ्याचे ‘त्याने जे विकत घेतले ते मी खाल्ले’ असे. इंग्रजीतील ‘व्हॉट’ जो भेद झाकतो, तो मराठीतील ‘काय’ व ‘जे’ उघड करतात. पहिले गौणवाक्य प्रश्नार्थक आहे, दुसरे संबंधी. ठाऊक असते ते प्रश्नाचे उत्तर. खाल्ली जाते ती वस्तू. ‘व्हॉट ही रोट इज नॉट क्लिअर’ हे वाक्य द्व्यर्थी ठरते तेही यामुळेच : त्याने काय लिहिले ते कळलेले नाही, किंवा त्याने जे लिहिले ते दुर्बोध आहे.

येस्पर्सन यांनी १९२४ मध्ये शब्दजातींवरून पडलेल्या या नावांऐवजी प्रथम, द्वितीय व तृतीय श्रेणींची योजना पुरस्कारिली. शब्दजात आणि कार्य यांची गल्लत तीमुळे टळली. पण श्रेणी हेही अखेर कार्याचेच माप, म्हणून वरील दोन वाक्ये तेथेही एकाच कप्प्यात राहतात. क्वर्क व त्यांचे सहकारी यांनी १९८५ च्या व्याकरणात संबंधी प्रकार वेगळा काढला, मात्र नामवाक्यांच्या पोटातच. हडल्स्टन व पुलम यांनी २००२ मध्ये नामवाक्य ही कोटीच सोडली आणि दुसऱ्या प्रकाराला वाक्य न मानता नामपदबंध मानले. (‘बिफोर’, ‘आफ्टर’ सर्वत्र शब्दयोगी मानण्याचा त्यांचा निर्णय विद्यार्थ्यांना अधिक जड जातो, हा भाग निराळा.)

हा निर्णय लहरीचा नव्हे, याची साक्ष क्रियापदाचे वचन देते. ‘व्हॉट कॉइन्स ही हॅज आर ओल्ड’ येथे क्रियापद नाण्यांप्रमाणे अनेकवचनी होते. ‘व्हॉट कॉइन्स ही हॅज इज नॉट नोन’ येथे नाणी अनेक असूनही ते एकवचनीच राहते.