'लाइन' या शब्दाचे मराठी अर्थक्षेत्र : रायपूरच्या संदर्भात

'लाइन' या इंग्रजी शब्दासाठी रेषा, ओळ आणि रांग हे तीन पर्याय मराठीत पूर्वीपासून होते. तरीही तो रुजला, कारण या तिन्ही शब्दांच्या आवाक्यात नसलेली कामे त्याने पत्करली. छत्तीसगड नागपूरकर भोसल्यांच्या सत्तेखाली होता. १८५४ मध्ये ते राज्य खालसा झाले. पुढे १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने नागपूर व रायपूर रुळांनी जोडले. साहजिकच रायपूरच्या मराठीत 'लाइन' म्हणजे लोहमार्ग. धमतरीची पूर्वीची नॅरोगेज ती 'छोटी लाइन'. इंग्रजी अमलातील वसाहतींच्या आखणीने 'सिव्हिल लाइन्स' आणि 'पोलीस लाइन' ही नावे दिली. यांपैकी पहिल्यातील अनेकवचनी 'स' बोलण्यात गळतो आणि 'सिव्हिल लाइनीत' असे अस्सल मराठी सामान्यरूप सिद्ध होते. (तात्यापारा या मोहल्ल्याच्या नावातही मराठी 'तात्या' आणि छत्तीसगढी 'पारा' असेच शेजारी नांदतात.)

'लाइन गेली' म्हणजे वीज गेली. तारेचे नाव तिच्यातून वाहणाऱ्या शक्तीला मिळाले, ही सरळ लक्षणा. हा प्रयोग विदर्भातही आहे. पुण्याकडे 'लाइट' जाते. 'औषधाच्या लाइनीत आहे' येथे व्यवसाय, तर 'पोरगा लाइनीवर आला' येथे वर्तन अभिप्रेत असते.

खरा पेच 'लाइन मारणे' आणि 'लाइन देणे' या प्रयोगांत आहे. कोशकार अशा नोंदीपुढे 'इं.' लिहून मोकळा होतो. परंतु इंग्रजीचे येथे केवळ नाम आहे. अर्थ घडविला तो 'मारणे' व 'देणे' या देशी क्रियापदांनी. 'डोळा मारणे', 'चक्कर मारणे' ही त्याच घराण्यातील रूपे. हिंदीत हेच प्रयोग जसेच्या तसे असल्याने, रायपूरसारख्या द्विभाषिक शहरात कोणी कोणाकडून घेतले हे ठरविण्याचा आग्रह फारसा फलदायी नाही.

अधिक विचारणीय आहे ती या जोडीतील विषमता. 'मारणारा' बहुधा तरुण, 'देणारी' तरुणी. 'ती लाइन देते' हे विधान बव्हंशी पुरुषाचे असते आणि तिचे सहज पाहणेही त्यात संमती म्हणून जमा होते. 'ती लाइन मारते' असे म्हटले की त्यात लगेच निंदेचा सूर येतो. कोशात 'प्रेमचेष्टा करणे' एवढाच अर्थ दिल्यास, हे वाक्य कोणी कोणाविषयी उच्चारले ही बाब नोंदीबाहेर राहते.