दुसरी बाटली

पावसाळा लागला की डिलाईल रोडवरच्या आमच्या चाळीत पालिकेच्या कीटकनाशक विभागाचा माणूस येतो. गॅलरीतलं पिंप उघडून बॅटरी मारतो, कुंडीखालची ताटली उपडी करतो, वहीत काहीतरी लिहितो आणि पुढच्या दाराशी जातो. आईने आजवर त्याला ओळखपत्र विचारलेलं नाही, चहा मात्र दरवेळी विचारते. इथून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर, आर्थर रोडच्या रुग्णालयावर ऑक्टोबर 1896 मध्ये गिरणी कामगारांचा मोठा जमाव चालून गेला होता. प्लेगच्या नावाखाली घरात शिरून माणसं उचलून नेतील, ही धास्ती त्यामागे होती. पुढच्याच वर्षी साथरोग कायदा आला, पुण्यात घरझडत्या झाल्या. रँडची गोष्ट सगळ्यांना शाळेपासून माहीत आहे. एकाच प्रकारची तपासणी कधी चहापर्यंत जाते आणि कधी दंगलीपर्यंत, हे मला पूर्वी फक्त इतिहासवाल्यांचं काम वाटायचं. स्वतः विहिरींचे नमुने घ्यायला लागल्यावर कळलं की ते आपलंही काम आहे.

पेटची तयारी करणाऱ्यांपैकी बरेच जण मला विचारतात, "सॅम्पलिंगसाठी परवानगी कुणाची घ्यायची?" मी आधी एका ओळीत उत्तर द्यायचो. आता देत नाही. त्याआधी त्यांना 1974 चा पाणी (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) कायदा वाचायला सांगतो, त्यातही कलम 23 आणि 21. कायदा म्हणून वाचूच नका. कुणीतरी लिहिलेला सॅम्पलिंग प्रोटोकॉल समजून वाचा आणि त्यातल्या चुका काढा, जशा आपण जर्नल क्लबमध्ये पेपरच्या काढतो.

कलम 23 प्रवेशाचं. राज्य मंडळाने, म्हणजे आपल्याकडे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने, अधिकार दिलेला माणूस कोणत्याही जागेत कोणत्याही वेळी, लागेल ती मदत सोबत घेऊन शिरू शकतो. त्याला अडवणं दंडनीय आहे. म्हणजे जमीनमालकाचा हक्क फाटकाशी नाही, तिथे तो शोधायलाच जाऊ नये. एकच सवलत आहे, तीही गमतीशीर. राहत्या जागेतली विहीर असेल आणि तिचं पाणी फक्त घरगुती वापराचं असेल, तर तपासणी वाजवी वेळेतच करायची. परड्यातल्या विहिरीला रात्रीची झोप मिळाली, शेतातल्या विहिरीला नाही. पण कोकणात एकाच विहिरीतून पिण्याचं पाणीही शेंदतात आणि कलमांनाही तेच घालतात. 'फक्त घरगुती' हा शब्द लिहिणाऱ्याने अशी विहीर पाहिली नसावी. (1986 च्या पर्यावरण संरक्षण कायद्यात प्रवेश सगळ्यांसाठीच 'वाजवी वेळी' केलाय. बारा वर्षांत एवढं शहाणपण आलं, म्हणायला हरकत नाही.)

खरी गंमत कलम 21 मध्ये आहे. सांडपाण्याचा नमुना घेताना अधिकाऱ्याने तिथल्या तिथे भोगवटादाराला नोटीस द्यायची. त्याच्या किंवा त्याच्या माणसाच्या समोर नमुन्याचे दोन भाग करायचे. दोन्ही बाटल्यांवर खूण, सील आणि दोघांच्या सह्या. एक बाटली मंडळाच्या प्रयोगशाळेत लगेच जाते. दुसरी, भोगवटादाराने मागणी केली तर, राज्य पाणी प्रयोगशाळेत जाते. हे पाळलं नाही तर विश्लेषणाचा निकाल कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही. अधिकाऱ्याला दारात अडवता येत नसलं, तरी त्याने नेलेल्या आकड्याला तोलणारा दुसरा आकडा मागता येतो. माझ्या मते या कायद्यातला जमीनधारकाचा सगळ्यात मोठा हक्क या दुसऱ्या बाटलीत आहे.

आता चुका. पहिली भाषेची आहे. उपकलम 3 म्हणतं की दोन भाग करायचेच. उपकलम 5 म्हणतं की हजर असलेल्या भोगवटादाराने दोन भाग करण्याची विनंती केली नाही, तर एकच बाटली पुरे. मग कर्तव्य कुणाचं? ज्याला दुसऱ्या बाटलीबद्दल कुणी सांगितलेलंच नाही, तो ती मागणार कशी? गावातल्या माणसाकडे त्या क्षणी वकील नसतो. समोर जीप उभी असते आणि हातात न वाचलेली नोटीस.

दुसरी चूक प्रयोगशाळेतली, आणि तिच्यावर बोलायचा मला जरा जास्त हक्क आहे. सगळे नमुने दोन भागांत वाटता येत नाहीत. तेल आणि ग्रीससाठी घेतलेली बाटली अर्धी-अर्धी केली की संपली, कारण तेल पृष्ठभागावर तरंगतं आणि काचेलाही चिकटून राहतं. त्याची अख्खी बाटली वेगळी घ्यावी लागते. जिवाणूंसाठी निर्जंतुक बाटली थेट भरायची असते. गढूळ पाण्यात गाळ खाली बसतो, नीट न हलवता ओतलं तर पहिल्या बाटलीत एक पाणी आणि दुसरीत दुसरंच. शिवाय वेळ. आपल्याकडे बीओडी 27 अंश सेल्सिअसला तीन दिवस ठेवून मोजतात, पण तो लावायचा असतो नमुना घेतल्यापासून काही तासांत, फार तर एका दिवसात, आणि तोवर नमुना बर्फात हवा. कॉलिफॉर्मचंही तसंच. नायट्रिक ॲसिड घालून पीएच 2 च्या खाली आणलेला धातूंचा नमुना मात्र सहा महिने टिकतो. म्हणजे दुसरी बाटली शिशासाठी खरा हक्क आहे. बीओडीसाठी ती मागणी आणि मोजणी यांच्यात किती तास गेले त्यावर अवलंबून आहे. पहिली बाटली पाठवताना कायद्याने 'लगेच' हा शब्द घातलाय, बर्फाची पेटी घालायची राहिली.

तिसरी चूक मला सगळ्यात जास्त टोचते. दोन बाटल्यांची सगळी शिस्त फक्त सांडपाण्याच्या नमुन्याला आहे. उपकलम 1 मंडळाला ओढ्याचं, विहिरीचं पाणीही घेऊ देतं, पण उपकलम 2 ची अट विहिरीला लागू होत नाही. रासायनिक कारखान्याच्या नळाचा नमुना घेतला तर मालकाला नोटीस, सही आणि दुसरी बाटली. त्याच कारखान्याच्या खालच्या अंगाला ज्याची विहीर आहे, त्याच्या विहिरीचं पाणी नेलं तर या कलमाखाली त्याला यातलं काहीच नाही. आरोपीला संरक्षण हवं, ते बरोबरच आहे. पण विहिरीचा आकडा त्या शेतकऱ्याच्या पाण्याचं, पिकाचं आणि जमिनीच्या भावाचं भवितव्य ठरवतो. 1986 च्या कायद्यात हवा, पाणी, माती सगळं आलं, नोटीस आणि सह्याही आल्या, पण भाग करण्याची अट नाही. म्हणजे विहीर आत आली आणि दुसरी बाटली बाहेर राहिली.

थोडी भरपाई इतर दारांनी होते. पाणी कायद्याच्या कलम 49 खाली कुणीही नागरिक साठ दिवसांची नोटीस देऊन तक्रार करू शकतो, आणि तक्रार झाली की मंडळाने मागणीवरून संबंधित अहवाल द्यायचे असतात. 2005 च्या माहिती अधिकार कायद्यातल्या 'माहितीचा अधिकार' या व्याख्येत तर कागदांच्या प्रतींसोबत वस्तूंचे प्रमाणित नमुने घेणंही आहे. अर्ज करून कुणी बाटली मागितली, तर समोरच्या टेबलावरचा चेहरा मला बघायचाय.

हे झालं सरकारी माणसाचं. आपल्याकडे, संशोधकांकडे, कलम 23 नाही. आपण खाजगी जमिनीत पाय ठेवतो तो फक्त संमतीवर. म्हणजे आपली शिस्त अधिकाऱ्यापेक्षा कडक हवी. असते का? प्रबंधांच्या पद्धती-प्रकरणात एक ठरलेलं वाक्य असतं: 'संबंधितांची परवानगी घेण्यात आली.' माझ्याही मसुद्यात होतं.

ते संबंधित कोण, ते सांगतो. आमच्याच मजल्यावरच्या एका काकांची रत्नागिरी जिल्ह्यात जमीन आहे. सातबाऱ्यावर त्यांचं आणि भावंडांची मिळून पाच नावं, त्यातले तिघे मुंबईत. काकांनी गॅलरीत उभ्या उभ्या परवानगी दिली, "जा रे, आपलीच विहीर आहे." मी गेलो, तीन फेऱ्या केल्या, जीपीएस नोंदवला, बाटल्या भरल्या. विहिरीवर रोज येणाऱ्या होत्या काकांच्या वहिनी. जमीन त्याच कसतात आणि सातबाऱ्यावर त्यांचं नाव नाही. पहिल्या दिवशी त्यांनी एवढंच विचारलं, "तुम्ही सरकारी का?" मी नाही म्हटलं आणि त्यातच मला परवानगी मिळाली असं धरलं. तिसऱ्या फेरीला त्या म्हणाल्या, "मागच्या वेळी नेलंत त्याचं काय झालं? पोरं पितात ना हे." नायट्रेट मर्यादेच्या बरंच वर निघालं होतं. आकडा माझ्या लॅपटॉपमध्ये पाच महिने पडून होता, नकाशात लाल ठिपका म्हणून.

कायदा 'मालक' म्हणत नाही. तो 'भोगवटादार' म्हणतो, त्या जागेत प्रत्यक्ष असलेला माणूस. ज्या कलमाच्या चुका मी वर मोजल्या, त्यानेच मला इथे नापास केलं. मी नोटीस दिली ती डिलाईल रोडवर, आणि पाणी काढलं दीडशे मैलांवरच्या बाईसमोर, तिला न विचारता. तिच्याकडे दुसरी बाटली नव्हती, पहिलीचा निकालही नव्हता.

संमतीपत्र आता बदललंय. त्यात दोन सह्या आहेत, सातबाऱ्यावरच्याची आणि विहीर वापरणाऱ्याची. नकाशावरचे अक्षांश-रेखांश ढोबळ केलेत, म्हणजे एखादी विहीर बोट दाखवून सांगता येणार नाही. निकाल छापून, मराठीत, आधी वहिनींसारख्यांच्या हातात जातो, मग गाइडकडे. गाइडना हे फारसं पसंत नाही, पेपर उशिरा होईल म्हणतात. उशीर होतोच आहे.

पुढच्या फेरीत प्रत्येक विहिरीला दुसरी बाटली द्यायचं ठरवलंय. नायट्रेटची सोय सल्फ्युरिक ॲसिड घालून होईल, पण ॲसिडची बाटली लहान मुलं असलेल्या घरात ठेवता येणार नाही. नुसती थंड ठेवायची तर लगेच तपासावी लागते, आणि वहिनींकडे फ्रिज नाही. गावातल्या दूध संकलन केंद्रात आहे. तिथल्या माणसाशी बोलणं चालू आहे.