उपदेश आणि श्रवण

वक्त्यानें कसें बोलावें याची चर्चा आपल्याकडे पुष्कळ होते. श्रोत्यानें कसें ऐकावें याचा विचार मात्र क्वचितच कोणी करतो. ख्रिस्ती उपासनेंतील उपदेशाच्या बाबतींत तर हे दोन प्रश्न निराळे करतांच येत नाहींत. तेथें सभेप्रमाणें टाळ्या नसतात, वर्गाप्रमाणें परीक्षा नसते, आणि मध्येंच उठून शंका विचारण्याची चालहि नसते. त्यामुळें उपदेश निष्फळ झाला तरी तें पाळकांस समजत नाहीं, आणि त्यांत आपलाहि कांहीं वांटा आहे असें मंडळीस वाटत नाहीं.

मध्यंतरीं आम्ही आमच्या छत्रपति संभाजीनगरांतील, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेंतील, एका उपासनामंदिरांत स्नेह्यांसमवेत गेलों होतों. आम्ही त्या मंडळीचे सभासद नव्हों. मागच्या बांकावर पाहुणे म्हणून बसलों. त्या दिवशींचा शास्त्रपाठ पेरणाऱ्याच्या दृष्टांताचा होता. कांहीं बीं वाटेवर पडलें तें पांखरांनीं खाल्लें, कांहीं खडकाळींत पडलें तें करपलें, कांहीं कांटेरी झुडुपांत खुंटलें, आणि जें चांगल्या जमिनींत पडलें तें तीसपट, साठपट, शंभरपट आलें. पाळक विद्वान होते. त्यांनीं पॅलेस्टाइनच्या भूगोलाची माहिती सांगितली, मूळ ग्रीक शब्दांची फोड केली, दोन पाश्चात्य पंडितांचीं मतें दिलीं, आणि चाळीस मिनिटांनीं ‘आपण चांगली जमीन होऊं या’ असें सांगून ते थांबले. बाहेर पडतांना एक वृद्ध शेतकरी आमच्या स्नेह्यांस म्हणाले, “समदं बराबर हाय, पण वाटंवर बी टाकणारा ह्यो कसला शेतकरी?”

खरें सांगावयाचें तर त्या क्षणापर्यंत उपदेश आम्हांस उत्तम वाटला होता. पंडितांचीं नांवें ओळखीचीं निघाल्याचा आनंदच आम्हीं त्यांत घेतला होता. परंतु त्या एका प्रश्नानें आमचे डोळे उघडले. मराठवाड्यांतला शेतकरी तिफणीनें पेरीत आला. चाड्यावर मूठ धरून बीं सोडावयाचें, तें नळ्यांतून सरळ तासांत पडावयाचें, ही त्याची रीत. आतां ट्रॅक्टरचीं पेरणीयंत्रें आलीं, तरी दाणा ओळींतच पडतो. अशा मनुष्यास वाटेवर बीं टाकणारा पेरणारा वेडाच वाटणार! उलट त्या देशांत त्या काळीं बीं मुठीनें फोकीत. तेव्हां चार दाणे वाटेवर आणि कांट्यांत जाणें ओघानेंच आलें. एवढें सांगितलें असतें, तर दृष्टांताचें मर्मच उलगडलें असतें. हा पेरणारा जमीन पारखून मग मूठ उघडणारा नव्हे. तो सर्वांवर सारखेंच उधळतो. उपदेशाचा गाभा त्या वृद्धाच्या प्रश्नांत होता, आणि पाळक त्याच्या शेजारून निघून गेले. त्यांची तयारी ग्रंथांशीं झाली होती. श्रोत्यांशीं झाली नव्हती.

मराठी ख्रिस्ती परंपरा याहून निराळी आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचें ‘ख्रिस्तपुराण’ 1616 सालीं गोव्यांत रायतूर येथें छापलें गेलें. त्या ओवीबद्ध ग्रंथांत श्रोता मध्येंच शंका काढतो आणि पाद्री-गुरु तिचें निरसन करतो. अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, एकोणिसाव्या शतकांत कृष्णराव सांगळे यांनीं कीर्तनास ख्रिस्ती विषय दिला. पुढें रेव्हरंड नारायण वामन टिळकांनीं (1861–1919) भजन-कीर्तनास उपासनेंत मानाचें स्थान मिळवून दिलें. आमच्याच भागांत जालन्यास नारायण शेषाद्रि व औरंगाबादेस रत्नजी नवरोजी हे धर्मोपदेशक होऊन गेले. दोघेहि याच देशांतले.

यावर कोणी म्हणेल कीं कीर्तनांत चाल लक्षांत राहते आणि वचन विसरतें. आक्षेप अगदींच खोटा नाहीं, आणि दर रविवारीं कीर्तनच व्हावें असें आमचें म्हणणेंहि नाहीं. परंतु दोन गोष्टी कीर्तनकारापासून अवश्य घ्याव्या. तो एकच अभंग धरतो आणि कितीहि दूर गेला तरी त्यावरच परत येतो. आणि त्याची नजर पोथीपेक्षां समोरच्या चेहऱ्यांवर अधिक असते. चेहऱ्यावर शंका दिसली कीं तो थांबतो.

आतां मंडळीविषयीं. उपदेश चालू असतां घड्याळ पाहावें, घरीं जेवतांना पाळकांच्या चुका मोजाव्या, आणि वचनांतला बोचरा भाग शेजाऱ्यास लागू करावा, हें श्रवण नव्हे. त्या दृष्टांतांत पेरणारा एकच आहे, बीं एकच आहे. फरक आहे तो जमिनींत. दृष्टांत बोलण्याविषयीं नसून ऐकण्याविषयीं आहे, हें उपदेश ऐकणारेच विसरतात! ज्ञानेश्वरांनींहि नवव्या अध्यायाच्या आरंभीं श्रोत्यांपाशीं अवधानच मागितलें. ‘प्रेषितांचीं कृत्यें’ या पुस्तकांत बिरुया गांवच्या लोकांची थोरवी सांगितली आहे, ती याचसाठीं कीं त्यांनीं पौलाचें म्हणणें उत्सुकतेनें ऐकलें, आणि तें तसेंच आहे कीं काय हें रोज शास्त्र उघडून पाहिलें. उत्सुकता आणि पडताळा या दोहोंपैकीं एक सुटलें कीं श्रवण पांगळें होतें. शनिवारीं रात्रीं घरांतल्या सर्वांनीं मिळून उद्यांचा शास्त्रपाठ वाचावा, आणि मनांत उठलेली शंका पाळकांपर्यंत न्यावी, एवढें तरी प्रत्येक कुटुंबास करतां येईल.

तो वृद्ध शेतकरी आमच्या स्नेह्यांशीं बोलला, पाळकांशीं बोलला नाहीं. आणि आम्हीं दोघांनींहि त्यास त्यांच्याकडे नेलें नाहीं. पाळक तेव्हां दाराशींच उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्यांशीं हस्तांदोलन करीत होते. त्यांच्या चाळीस मिनिटांना जें साधलें नव्हतें, तें त्या एका प्रश्नानें साधलें असतें. तो पायरीवरच राहिला, याचा दोष पाळकांइतकाच आमच्याकडेहि येतो.