अमर शेख : गळ्याआडचा कवी

ऑक्टोबर २०१६ मध्ये एका आठवड्याच्या अंतराने दोन गोष्टी घडल्या. १३ तारखेला बॉब डिलन या अमेरिकन गीतकार-गायकाला साहित्याचे नोबेल जाहीर झाले आणि २० तारखेला शाहीर अमर शेख यांच्या जन्माला शंभर वर्षे पूर्ण झाली. पहिल्या बातमीने जगभर वाद माजला. गिटारवर गायलेले गाणे साहित्य कसे, ते कागदावर उतरवले तर उरते काय, असे विचारले गेले. मराठी माणसाला हा प्रश्न पडायचे खरे तर कारण नव्हते. आपली ओवी जात्यावर वाढली, अभंग टाळावर आणि पोवाडा डफावर. तरीही आपल्या समीक्षेने आपल्याच सर्वांत मोठ्या आधुनिक शाहिराला या प्रश्नाच्या अलीकडेच थांबवून ठेवले आहे. अमर शेख म्हटले की आवाज आठवतो. पहाडी, बुलंद, मैदान हलवणारा. त्या आवाजाने उच्चारले काय, हे सांगायला फारसे कोणी पुढे येत नाही.

आवाजाच्या या कौतुकाला दुसरी एक सवय येऊन मिळाली आहे, आणि ती अधिक आपल्या घरातली आहे. १९९० साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हापासून व्यासपीठावरून एक यादी वाचली जाते. श्रीगोंद्याचे शेख महंमद, पेशवाईतले सगनभाऊ आणि मग अमर शेख. यादी खरी आहे आणि अभिमानाचीही आहे. पण ती बहुधा कोणाला तरी उत्तर म्हणून वाचली जाते. मराठीत मुसलमानांचे काय योगदान, असे कोणी विचारले की हा कागद खिशातून निघतो. दाखला म्हणून वापरलेल्या कवीची कविता उघडायची गरज उरत नाही. नाव आणि आडनाव पुरते. आमचा आक्षेप या दोन्ही सवयींना आहे. गळा म्हणून आणि दाखला म्हणून अमर शेखांचा पुष्कळ गौरव झाला; कवी म्हणून त्यांना वाचणे मात्र राहून गेले आहे.

नावापासूनच सुरुवात करू. बार्शीत २० ऑक्टोबर १९१६ रोजी जन्मलेल्या या मुलाचे नाव मेहबूब हुसेन पटेल. बसवर क्लीनर, मग गिरणी कामगार, मग संप आणि तुरुंग असा त्यांचा तरुणपणाचा प्रवास. पुढे कोल्हापुरात मास्टर विनायकांच्या स्टुडिओत काम करताना ‘अमर शेख’ हे नाव मिळाले आणि तेच राहिले. डिलननेही जन्माचे झिमरमन हे आडनाव मागे ठेवले होते. पण त्याने जुन्या नावाची खूण पुसली, तर अमर शेख या नावात संस्कृत विशेषण आणि अरबी आडनाव शेजारी शेजारी बसले आहेत, कोणी कोणाला न पुसता. जाहीरनामा म्हणून कोणी हे नाव योजले नसेल. तरी त्यांची भाषा आपल्याला याच जोडणीत दिसते.

ती भाषा आली आईकडून. मुनेरबींच्या तोंडच्या गाण्यांचा वारसा हा अमर शेखांच्या चरित्रातला नेहमी सांगितला जाणारा तपशील. पण तो भावूक होऊन सांगितला जातो आणि तिथेच सोडला जातो. त्याचा अर्थ जरा उकलून पाहू. सोलापूर, बीड, उस्मानाबादचा हा पट्टा दखनीचा शेजार आहे. दखनी सूफी परंपरेत ‘चक्कीनामा’ नावाचा रचनाप्रकारच आहे. बायकांनी दळताना म्हणावा म्हणून रचलेला, जात्याच्या खुंट्याला आणि फिरत्या तळीला अध्यात्माचा अर्थ देणारा. शेजारच्या घरातली ओवी आणि हा चक्कीनामा यांचे जाते एकच, श्वासही एकच. अशा भागातल्या मुसलमान घरातल्या मुलाला लोकगीत ‘शिकावे’ लागत नाही. म्हणूनच अमर शेखांच्या रचनेत लोकलय नटवून आणल्यासारखी वाटत नाही. त्या काळात लोकगीताचा बाज घेऊन लिहिणारे शहरी कवी कमी नव्हते. त्यांच्या ओळीत हा बाज पाहुण्यासारखा अवघडून बसतो.

तुरुंग विसापूरचा. आम्हा मावळातल्या लोकांना विसापूर म्हटले की लोहगडाच्या जोडीचा किल्ला दिसतो, पण हे विसापूर ते नव्हे; ते श्रीगोंदे तालुक्यातले. म्हणजे जिथे शेख महंमदांनी मराठीत परमार्थ सांगितला, त्याच मुलखात काही शतकांनी दुसऱ्या शेखाला कॉम्रेड रघुनाथ कऱ्हाडकरांची संगत लाभली आणि तो कम्युनिस्ट झाला. योगायोगच, पण मनात राहणारा.

१९४४ साली अण्णा भाऊ साठे, द. ना. गवाणकर आणि अमर शेख यांचे लाल बावटा कलापथक उभे राहिले. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने त्यावर बंदी घातली, तरी गाणे थांबले नाही. या कलापथकाने तमाशाचा साचा घेतला आणि आतला माल बदलला. इथे शाहिरी रचनेची एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. शाहीर एकटा गात नाही. त्याच्या मागे झीलकरी उभे असतात आणि ओळीचे शेपूट ते उचलतात. त्यामुळे शाहिराची ओळ मुद्दामच अपुरी असते. दुसऱ्याने पुरी करावी म्हणून तीत जागा सोडलेली असते. पुस्तकात छापलेले शाहिरी गीत बाळबोध, पुनरुक्तीने भरलेले वाटते ते यामुळे. जिथे समीक्षक पुनरुक्ती मोजतो, तिथे मैदानात हजारो माणसे ध्रुपद म्हणत होती. संयुक्त महाराष्ट्राच्या सभांत तर झीलकरी आणि श्रोते यांत फरकच उरला नाही. अमर शेखांची रचना वाचायची तर ही मोकळी सोडलेली जागा वाचता आली पाहिजे. गाण्यातला ‘मी’ तिथे फार वेळ टिकत नाही, लगेच ‘आपण’ होतो.

याच कारणाने कोणते गाणे कोणाचे हा गोंधळही होतो. मुंबईत आलेल्या माणसाची गावाकडे राहिलेली मैना अण्णा भाऊंची. पण ती अमर शेखांच्या गळ्यातून महाराष्ट्रभर गेली आणि पुष्कळांना ती त्यांचीच वाटते. यात अण्णा भाऊंवर अन्याय होतो, तो दुरुस्त केलाच पाहिजे. पण अमर शेखांवरही होतो, हे कोणी म्हणत नाही. दुसऱ्याचे गाणे त्यांच्या खात्यावर मांडले जाते आणि त्यांचे स्वतःचे गाणे आवाजाच्या खात्यावर.

आचार्य अत्र्यांनी त्यांना महाराष्ट्राचा मायकोव्हस्की म्हटले. गौरव मोठ्या मनाचा होता, आणि तेव्हा तो ऐकणाऱ्यांना लगेच कळलाही असेल. आज तो उपयोगाचा वाटत नाही. मायकोव्हस्कीने जुनी छंदरचना मोडून पायऱ्यापायऱ्यांची ओळ घडवली. अमर शेखांनी काही मोडले नाही. जात्यावरची आणि डफावरची लय त्यांनी संपाच्या कामाला लावली. एकाने नवे हत्यार बनवले, दुसऱ्याने घरातला विळाच परजला. सगनभाऊ व्यवसायाने शिकलगार होते, याची इथे आठवण होते.

‘अमरगीत’ हा गीतसंग्रह आणि ‘पहिला बळी’ हे नाटक १९५१चे. ‘कलश’ १९५८चा आणि ‘धरतीमाता’ १९६३चा. शेवटच्या दोन संग्रहांची नावेच पाहा. घोषणा देणाऱ्या माणसाने पुस्तकांना अशी शांत, घरगुती, जवळजवळ पूजेतली नावे द्यावीत, याचे आश्चर्य वाटते. मुसलमानाने भूमीला माता म्हणावे की नाही, यावर आपल्याकडे किती शाई आणि किती जीव खर्ची पडले! अमर शेखांनी त्या वादात भाग न घेता सरळ पुस्तकाचे नाव ठेवून दिले. आमच्या मते ही माता नकाशावरची नाही. नांगराखालची आहे. तिला वंदन करायचे की नाही हा प्रश्नच तिथे उठत नाही, कारण तिच्याशी नाते पोटाचे आहे.

आम्ही राहतो त्या पवनानगरात हे नाव वाचताना आणखी एक अर्थ पुढे येतो. अमर शेख गेल्यानंतर थोड्याच वर्षांत पवना धरण पुरे झाले आणि मावळातल्या अनेकांची शेते पाण्याखाली गेली. उन्हाळ्यात पाणी ओसरले की वाघेश्वराचे जुने देऊळ वर येते. शेते वर येऊनही कसणाऱ्याची राहत नाहीत. धरणग्रस्तांचे पुनर्वसन दशकानुदशके रेंगाळले. ९ ऑगस्ट २०११ रोजी, क्रांतिदिनीच, पवनेचे पाणी बंद जलवाहिनीतून नेण्याविरुद्धच्या आंदोलनात द्रुतगती मार्गावर बऊरजवळ पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी मारले गेले. ‘धरतीमाता’ हा शब्द इथे भाषणात वापरला की पोकळ वाटतो. ज्याची जमीन गेली त्याच्या तोंडी आला की वाटत नाही. अमर शेखांनी तो दुसऱ्या माणसाच्या बाजूने लिहिला. शाहिरी कविता चांगली की वाईट हे ठरवायला आम्हाला ही कसोटी पुरेशी वाटते.

त्यांच्या कारकिर्दीतला सर्वांत अवघड काळ १९६२चा. चीनने आक्रमण केले तेव्हा भारतीय कम्युनिस्टांत दुफळी माजली आणि १९६४ मध्ये पक्ष फुटला. अमर शेख कम्युनिस्ट होते आणि मुसलमानही होते. म्हणजे संशय घेणाऱ्याला दोन्हीकडून सोय. ते संरक्षणासाठी गात फिरले, निधी गोळा केला. ही घटना आज निष्ठेचा पुरावा म्हणून सांगितली जाते. सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण पुरावा मागणे रास्त होते, एवढे तो मान्य करून बसतो.

आम्ही त्याऐवजी त्या गाण्यातली प्रतिमा पाहू इच्छितो. हिमालयाचे बर्फच पेटले आहे आणि ते विझवायला निघायचे आहे, अशी त्यातली हाक. युद्धगीतात सहसा शत्रू असतो, त्याचे रक्त असते, सूड असतो. या हाकेत आग आहे आणि आग विझवणे आहे. गावात गंज पेटली तर काय होते? घागर, बादली, हंडा, हाताला येईल ते घेऊन माणसे धावतात. कोणाची गंज, कोण्या जातीचा, कोण्या पक्षाचा, हे विचारायला कोणी थांबत नाही. निष्ठा सिद्ध करणारा माणूस मारण्याची भाषा जरा चढ्या आवाजात बोलतो. अमर शेखांच्या एवढ्या मोठ्या आवाजाने विझवण्याचे क्रियापद निवडले. पेटलेल्या बर्फाची ती प्रतिमा अशक्य आहे, आणि अशक्य म्हणूनच अचूक. ज्या समाजवादी शेजाऱ्याकडून गारवा अपेक्षिला, तिथूनच जाळ आला होता. पक्षाच्या ठरावांना जे नीट मांडता येईना, ते एका गीतकाराने एका प्रतिमेत मांडले.

सिनेमातही त्यांनी काम केले. ‘प्रपंच’ (१९६१) मध्ये ते दिसतात. ‘युगदीप’ आणि ‘वक्त की आवाज’ ही नियतकालिके चालवली. त्यावर इथे थांबायचे कारण नाही.

१९६९ च्या पावसाळ्यात अकरा आठवड्यांत तिघे गेले. १३ जूनला अत्रे, १८ जुलैला अण्णा भाऊ, २९ ऑगस्टला इंदापूरजवळ अपघातात अमर शेख. संयुक्त महाराष्ट्राचे मैदान एकदम मुके झाले. पुढच्या काही वर्षांत मराठी कवितेने वेगळाच सूर धरला, आणि त्या वाटेत अमर शेखांचे घर लागते. कन्या मलिका अमर शेख स्वतः कवयित्री झाल्या, नामदेव ढसाळांशी त्यांचा संसार झाला आणि १९८४ मध्ये ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’ हे आत्मकथन आले. बापाच्या गाण्यात ‘मी’ लगेच ‘आपण’ होत असे. लेकीने ‘मी’ धरून ठेवला, त्याला गर्दीत जाऊ दिले नाही. चळवळीच्या घरात बाईचे काय होते, हे झील धरून सांगता आले नसते.