सेनाकर्ते बाळाजी विश्वनाथ आणि त्यांचे चरित्रकार

लेखणीवर वाढलेला मनुष्य पुढे सैन्याचा धनी झाला म्हणजे चरित्रकाराची मोठी पंचाईत होते. त्याला वीर म्हणावे तर पराक्रमाच्या कथा हाती लागत नाहीत. मुत्सद्दी म्हणून सोडून द्यावे तर त्याने फौजा उभ्या केल्या हे नाकारता येत नाही. भट घराण्यातील पहिले पेशवे बाळाजी विश्वनाथ यांच्या चरित्रांत ही अडचण पदोपदी दिसते. एक पक्ष त्यांना मराठी राज्याचा दुसरा संस्थापक ठरवून मोकळा होतो. दुसऱ्याला, घोड्यावर बसताना त्यांस दोन्ही बाजूंनी माणसांचा आधार लागे, ही आख्यायिकाच फार प्रिय वाटते.

आमच्या मते दोन्ही पक्ष एकच चूक करतात. सेनानायकाची परीक्षा रणांगणावरील मर्दुमकीनेच व्हावी, हे ते गृहीत धरतात. परचक्राशी लढताना हे माप कदाचित चालेल. भाऊबंदकीच्या युद्धात ते चालत नाही. तेथे आज समोर उभा असलेला शिपाई उद्या आपल्याच निशाणाखाली हवा असतो.

खेडच्या लढाईचेच पाहा. १७०७ साली औरंगजेब वारला, शाहू मोगलांच्या कैदेतून सुटून दक्षिणेत आले आणि ताराबाईंनी त्यांस तोतया ठरविले. १२ ऑक्टोबर १७०७ रोजी भीमेच्या काठी खेड येथे दोन्ही फौजा समोरासमोर आल्या. चाकणच्या कारखान्यांवरून नाशिकच्या रस्त्याने जाणाऱ्या आजच्या प्रवाशाला राजगुरुनगर या नावाने ठाऊक असलेले गाव ते हेच. सेनापती धनाजी जाधव शाहूंकडे वळले आणि परशुरामपंत प्रतिनिधींना माघार घ्यावी लागली. धनाजींचे मन वळविण्यात बाळाजींचा हात होता असे परंपरा सांगते. लढाईचा निकाल लढाईपूर्वीच लागला होता.

येथे स्तुतिपाठक ‘मुत्सद्देगिरी’ म्हणतात, निंदक ‘फितुरी’ म्हणतात. खरा प्रश्न मात्र दोघेही टाळतात. १७०० पासून सात वर्षे ज्या बाईने मोगलांशी झुंज चालू ठेवली, तिचा सेनापती तिला सोडून गेला. हे न्याय्य होते काय? वारसाहक्क शाहूंचा होता हे खरे. परंतु राज्य जगविल्याचा हक्क ताराबाईंचा नव्हता, असे कोणी म्हणावे? जे चरित्र ताराबाईंना केवळ महत्त्वाकांक्षी स्त्री म्हणून बाजूस सारते, ते बाळाजींनाही लहान करते. कारण प्रतिपक्ष क्षुद्र ठरला की विजयही क्षुद्रच ठरतो.

बाळाजी १७०७ साली एकाएकी उगवले नव्हते. १६९९ ते १७०२ पर्यंत ते पुण्याचे व पुढे दौलताबादचे सरसुभेदार होते. कोणत्या गावी धान्य आहे, कोणता देशमुख कोणाचा सोयरा आहे, कोणाची बाकी थकली आहे, हे जाणणारा मनुष्यच निर्नायकीत फौज उभारू शकतो. १७११ साली चंद्रसेन जाधव शाहूंना सोडून गेले, तेव्हा बाळाजींना मिळालेले ‘सेनाकर्ते’ हे पद या दृष्टीने मोठे अर्थपूर्ण आहे: ते सेना चालविणारे नव्हेत, सेना करणारे. १७१३ साली ते पेशवे झाले; पुढच्याच वर्षी कान्होजी आंग्रे यांना त्यांनी तहाने शाहूंच्या पक्षात आणले. आधीच्या पेशव्याला, बहिरोपंत पिंगळे यांना, ज्यांनी कैद केले होते, त्यांच्याशीच हा तह झाला, हे ध्यानात घ्यावे.

मात्र या पद्धतीचे मोलही चरित्रकाराने मांडले पाहिजे. मन वळवून जोडलेला सरदार मुलूख आणि मान मागतो. १७१९ साली दिल्लीहून आणलेल्या चौथाई व सरदेशमुखीच्या सनदांनी राज्याला उत्पन्न मिळाले. परंतु त्याची वाटणी सरदारांत झाली आणि मध्यवर्ती सत्तेची गाठ पुढे सैल होत गेली. यादवीही बाळाजींच्या हयातीत मिटली नाही. ते १७२० साली सासवडास वारले. सातारा आणि कोल्हापूर यांचा वारणेचा तह झाला तो १७३१ साली.

म्हणून बाळाजींचे चांगले चरित्र म्हणजे विजयांची यादी नव्हे. ज्या समेटाने राज्य वाचले त्याच समेटात पुढील दुबळेपणाचे बीज होते, हे जे चरित्र एकाच पानावर निर्भयपणे सांगेल, ते आम्ही आनंदाने वाचू. घोड्यावर त्यांची मांड पक्की होती की नव्हती, हा वाद मग आपोआपच निरर्थक ठरेल.