दुहेरी दिसणे : एक संज्ञा, दोन दोष

त्रिमिती चित्रपटांविषयीच्या मराठी लेखनात ‘चित्र दुहेरी दिसले’ हा आक्षेप वारंवार आढळतो. वाकडच्या बहुपडदा चित्रपटगृहातून बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकाने तेवढेच म्हणावे, हे स्वाभाविक आहे. समीक्षकाने मात्र तेथे थांबणे समर्थनीय नाही. एकाच रूपाखाली दोन अर्थ दडलेले आढळले की भाषाभ्यासक त्यांची फोड करतो. येथेही तीच शिस्त हवी.

दोन डोळ्यांना किंचित भिन्न अशी दोन सपाट चित्रे स्वतंत्रपणे दाखविली, तर त्यांतून खोलीचा प्रत्यय येतो, हे चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८३८ मध्ये दाखवून दिले. या ‘स्वतंत्रपणे’मध्येच पहिल्या दोषाचे मूळ आहे. पडदा किंवा चष्मा ध्रुवित प्रकाश नीट राखत नसेल, तर उजव्या डोळ्याचे चित्र डाव्या डोळ्यात झिरपते आणि उजळ आकृतीच्या कडेला तिची फिकट छाया उमटते. हा दोष प्रक्षेपणाचा होय.

दुसरा दोष दोन चित्रांतील आडव्या अंतराचा. प्रौढ माणसाच्या दोन बाहुल्यांत सरासरी सुमारे ६.३ सेंटिमीटर अंतर असते. दूरच्या डोंगराच्या दोन प्रतिमांत पडद्याच्या रुंदीच्या १ टक्का अंतर ठेवले, तर १ मीटर रुंद पडद्यावर ते १ सेंटिमीटर भरते. १० मीटरच्या पडद्यावर तेच १० सेंटिमीटर होते. मग डोळ्यांना बाहेरच्या बाजूस फाकावे लागते आणि प्रतिमा एकवटणे अवघड होऊ शकते. हा दोष रचनेचा होय.

दोहोंतील भेद ओळखण्याची कसोटी सोपी आहे. चष्मा न काढता एक डोळा मिटावा. छाया तरीही राहिली, तर ती गळती. दुहेरीपण नाहीसे झाले, तर दोष अंतराचा.

महेश कोठारे यांचा २०१३ मधील ‘झपाटलेला २’ हा मराठीतील पहिला त्रिमिती चित्रपट म्हणून ओळखला जातो. बाहुल्याच्या भयविनोदी कथेत वस्तू प्रेक्षकाच्या अंगावर आणण्याचा मोह उघड आहे. अशा वेळी डोळे हवेतील वस्तूकडे वळतात, पण त्यांचे भिंग पडद्यावरच स्थिर राहते. या ओढाताणीने शीण येतो. अशा चित्रपटाचे मूल्यमापन करताना शीण रचनेच्या अतिरेकाचा की चित्रगृहाच्या उणिवेचा, हे ठरविल्याशिवाय दिग्दर्शकास दोष देणे अन्यायाचे ठरेल. आणि त्याचे कौतुकही तितकेच निराधार राहील.

म्हणून त्रिमिती चित्रपटाच्या परीक्षणात पडद्याचा आकार आणि समीक्षकाचे आसन यांचा उल्लेख असावा, असे प्रस्तुत लेखकास वाटते. संहितेची प्रत न सांगता पाठचिकित्सा करणे आपण मान्य करीत नाही. मग येथेच सवलत का द्यावी?