निरपराध असण्याची अट : काही अमेरिकी माहितीपटांविषयी

आज चार अमेरिकी माहितीपटांविषयी बोलायचं आहे. गुन्हा, स्थलांतर आणि अल्पसंख्याक समाज हे त्यांचे विषय. चारही चांगले आहेत, हे आधीच सांगून टाकतो. माझा आक्षेप या प्रकारच्या चित्रपटांच्या एका सवयीवर आहे. अन्यायाविषयी बोलायचं ठरलं की ज्याने काहीच केलेलं नाही असा माणूस आधी शोधायचा, ही ती सवय.

एरल मॉरिस यांचा ‘द थिन ब्लू लाइन’ घ्या. १९८८ सालचा. १९७६ मध्ये डॅलस शहरात रॉबर्ट वुड या पोलिसाचा गोळ्या घालून खून झाला. रँडल डेल अ‍ॅडम्स याला त्यासाठी देहदंड सुनावला गेला, पुढे ती शिक्षा जन्मठेपेवर आली. मॉरिस साक्षीदारांना बोलतं करतात आणि प्रत्येकाच्या सांगण्याप्रमाणे तो प्रसंग नटांकडून पुन्हा पुन्हा करवून घेतात. रस्ता तोच, रात्र तीच, तपशील मात्र दर वेळी वेगळा. माहितीपटात नट कशाला, अशी टीका तेव्हा झाली. मला तर तीच त्याची ताकद वाटते. पडद्यावर दिसलं म्हणजे घडलंच असं नाही, ते कुणाचं तरी म्हणणं असतं, हे प्रेक्षकाला न शिकवता कळतं. चित्रपटानंतर प्रकरण पुन्हा उघडलं आणि १९८९ साली अ‍ॅडम्स सुटला. ही काही लहानसहान गोष्ट नव्हे.

पण आता जरा विचार करा. समजा, गोळी अ‍ॅडम्सनेच झाडली असती. साक्षी तितक्याच कच्च्या, आणि हा माणूस पुढेही धोकादायकच राहणार असं छातीठोकपणे सांगणारा मानसोपचारतज्ज्ञही तोच. मग तो खटला न्याय्य ठरला असता का? अर्थातच नाही. न्याय हा प्रक्रियेचा गुण आहे. निकाल योगायोगाने बरोबर आला म्हणून प्रक्रिया शुद्ध होत नाही. पण मग आपण तो चित्रपट इतक्या तळमळीने पाहिला असता का? खरी गोम इथे आहे.

एव्हा ड्यूव्हर्ने यांच्या ‘थर्टीन्थ’ने, २०१६ साली, एका माणसाऐवजी सगळी व्यवस्था पकडायला घेतली. १८६५ च्या तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी संपवली, पण गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तीच्या श्रमाला त्यात अपवाद ठेवला. त्या अपवादापासून आजच्या भरलेल्या तुरुंगांपर्यंत हा चित्रपट एक सरळ रेघ ओढतो. युक्तिवाद दमदार आहे, पण वेग फार. वक्ता एक वाक्य बोलतो आणि लगेच दुसरा येतो. शंका काढायला उसंतच नाही. आणि काळजाला हात घालायची वेळ येते तेव्हा हा चित्रपटही कलीफ ब्राउडरकडे वळतो. पाठीवरची पिशवी चोरल्याच्या आरोपावरून सोळाव्या वर्षी पकडलेला हा मुलगा खटल्याविना सुमारे तीन वर्षं रायकर्स आयलंडच्या तुरुंगात होता. आरोप मागे घेतले गेले, तो सुटला, आणि २०१५ मध्ये त्याने आत्महत्या केली. ऐकून पोटात कालवतं. पण चोरी खरोखर केलेल्या मुलाला तशीच कोठडी मिळाली असती तर? व्यवस्थेवरचा चित्रपट असूनही तो प्रश्न तिथे अंधुकच राहतो.

या सवयीतून बाहेर पडलेला चित्रपट म्हणजे क्रिस्टीन चॉय आणि रेने ताजिमा यांचा ‘हू किल्ड व्हिन्सेंट चिन?’, १९८७ सालचा. जपानी गाड्यांमुळे आपल्या नोकऱ्या जातात, हा राग डेट्रॉइट भागात धुमसत होता. १९८२ च्या जूनमध्ये व्हिन्सेंट चिन या चिनी वंशाच्या तरुणाला रोनाल्ड एबेन्सने बेसबॉलच्या बॅटने मारलं. शिक्षा काय? तीन वर्षं देखरेखीखाली मोकळं राहणं आणि ३,००० डॉलर दंड. शीर्षकात प्रश्न आहे खरा, पण मारलं कुणी हे पहिल्यापासून ठाऊक आहे. क्लबातल्या बाचाबाचीविषयीच्या साक्षी एकमेकींशी जुळत नाहीत आणि दिग्दर्शिका त्या जुळवूनही देत नाहीत. व्हिन्सेंटला संत केलेलं नाही, एबेन्सला राक्षस केलेलं नाही. तो कॅमेऱ्यापुढे घरगुती सुरात बोलतो, आणि दुसरीकडे व्हिन्सेंटची आई लिली चिन रडत असते. निकाल हातात न मिळाल्यामुळे आपण अस्वस्थ होतो. ती अस्वस्थता मला मोलाची वाटते.

चौथा चित्रपट ‘वेल-फाउंडेड फिअर’, २००० सालचा. शारी रॉबर्टसन आणि मायकेल कॅमेरिनी यांनी आश्रयाच्या अर्जांवरच्या मुलाखती आत बसून चित्रित केल्या. कायदा विचारतो, तुमच्या भीतीला आधार आहे का? वंश, धर्म, राजकीय मत अशा कारणांवरून छळ होईल ही भीती चालते, नुसती उपासमार चालत नाही. आपल्या न्यायदर्शनात शब्द हे प्रमाण आहे, पण बोलणारा ‘आप्त’ म्हणजे विश्वासार्ह हवा. इथे हा आप्तपणा ठरवणार कोण? टेबलापलीकडचा अधिकारी, तोही दुभाष्याच्या तोंडून ऐकून. आणि बघता बघता आपणही मनात ठरवू लागतो : हा खरा, ही बनावट. त्या खुर्चीत आपण कधी जाऊन बसलो, ते कळतच नाही.

आता थोडं आपल्याविषयी. तुमच्यापैकी अनेकांची मुलं-नातवंडं तिकडे आहेत. ‘आम्ही रीतसर आलो, आम्ही त्यांच्यातले नाही’ हे वाक्य आपल्या घरांतही ऐकू येतं. त्यामागे हीच अट आहे : आधी चांगलं असल्याचं सिद्ध करा, मग माणूस म्हणून वागवू. पण व्हिन्सेंटची कागदपत्रं कुणी पाहिली होती? तो जपानी नव्हता, एवढंही कुणी विचारलं नाही. आणि तो जपानी असता, तर मारणं योग्य ठरलं असतं का?

तेव्हा असा चित्रपट पाहून डोळे पाणावले, तर पाणावू द्या. फक्त नंतर स्वतःला विचारा, हा माणूस दोषी असता तर माझ्या मनातला न्याय बदलला असता का? उत्तर ‘हो’ आलं, तर आपल्याला दया आली होती, न्यायाचा विचार अजून व्हायचाच आहे.

आज इथे थांबतो. प्रश्न जरूर पाठवा.